विषाचा शेजार

पंचतंत्रातील गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा भाऊबंदांवर सूड उगवण्यासाठी प्रियदर्शन नावाच्या सापाला विहिरीत घेऊन येतो आणि साप सगळ्यांचाच फडशा पाडतो. आपल्या साहित्यातला बेडूक बहुधा असाच असतो: भक्ष्य, नाहीतर गलका. ऋग्वेदातील मंडूकसूक्तात त्याचा आवाज आहे, ‘कूपमंडूक’ या शब्दात त्याची विहीर आहे. त्याच्या कातडीकडे मात्र कुणी फारसे पाहिलेले दिसत नाही.

वास्तविक पाहण्याजोगी गोष्ट तीच आहे. बेडकाच्या त्वचेत काही ग्रंथी ओलावा राखणाऱ्या असतात, तर काही विषाच्या. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपत बसणारा खडबडीत, सुस्त भेक (आपण त्यालाही सरसकट बेडूकच म्हणतो) डोळ्यांमागच्या दोन लांबट फुगवट्यांत दुधासारखे पांढरे विष बाळगून असतो. सापाचे विष आणि हे विष यांना मराठीत शब्द एकच. पण साप ते टोचतो, भेकाला ते टोचता येत नाही. ते कामी यायचे तर आधी कुणीतरी त्याला तोंडात धरावे लागते! इतके हतबल शस्त्र दुसरे क्वचितच असेल. आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याने असा भेक धरला आणि तत्क्षणी टाकला. नंतर कितीतरी वेळ ते फेस गाळत, डोके झटकत उभे होते. पुढे भेक दिसला की ते वळसा घालून जाई.

हृदयाच्या पेशींतून सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे एक प्रथिन असते. भेकाच्या विषातील द्रव्ये नेमकी त्यालाच जखडतात आणि ठोका बिघडतो. आपण देवाला वाहतो त्या कण्हेरीचे विषही याच प्रथिनाला गाठते. कण्हेरीच्या आळ्यात गारव्याला बसलेला भेक पाहिला की मला या दोघांच्या शेजाराची गंमत वाटते. मात्र भेक खाणाऱ्या अनेक सापांत या प्रथिनाची घडणच किंचित बदललेली असते, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. धामण भेक गिळते आणि आपल्या वाटेने निघून जाते. लाखो वर्षांच्या सहवासात एकाने विष घडवले, दुसऱ्याने ते पचवणे.

हा सहवास नसेल तिथे काय होते, ते मादागास्करमध्ये दिसते. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी ते बेट भारतापासून तुटले. तिथे मूळचे भेक नाहीत. २०१४ मध्ये तोआमासिना बंदराच्या परिसरात भेक आढळले, तेही आपल्याच अंगणातल्या जातीचे. जनुकांवरून त्यांचा माग मात्र व्हिएतनाम-कंबोडियाकडे जातो. मालवाहू जहाजातून ते आले असावेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या ७७ जातींचे हेच प्रथिन तपासले गेले. त्यांत साप होते, पक्षी होते, सस्तन प्राणी होते. भेकाचे विष सोसण्याची खूण आढळली ती फक्त एका उंदरात. बाकीच्यांना तो दिसतो केवळ एक सुस्त, सहज हाती लागणारा घास. कुत्र्याला निदान टाकून देण्याइतकी उसंत मिळाली होती. अख्खा भेक गिळणाऱ्या सापाला तीही मिळत नाही.