सहाव्या चालीला मात

पांढरा घोडा डी-६ वर उतरतो आणि सहाव्या चालीलाच डाव संपतो. काळ्या राजाला हलायला एक घर नाही. वजीर, उंट, घोडा, दोन प्यादी, सगळे त्याचेच, त्याला खेटून उभे. ई-७ वरच्या प्याद्याने घोडा मारावा, तर ई-२ वरच्या पांढऱ्या वजिराने ते जागीच खिळवलेलं.

हा कारो-कान बचाव, भरवशाचा म्हणून ख्यातनाम. होरेशियो कारो आणि मार्कुस कान यांनी त्याचं विश्लेषण १८८६ मध्ये छापलं. या मातेत १९३५ साली पाल्मा इथे जगज्जेत्या अलेखिनसमोर मिळून खेळणारे चौघे सापडले होते. मग मुलांच्या स्पर्धेत काळ्या सोंगट्यांनी खेळणारा हा मुलगा सापडला, तर त्याला काय बोलायचं?

त्याची पाचवी चाल तर शिकवल्यासारखीच होती: घोडा बाहेर काढ, वेळ दवडू नकोस. थांबला तो संपला, हे त्याने घरीदारी ऐकलेलं. पण सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारं पोर याच्या उलटंही पाहत असतं. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तो थांबला नाही, तर धोटा रिकामाच फिरत राहील आणि कापडात दोष राहील. कारागीर धागा जोडतो, माग पुन्हा सुरू करतो. तिथे थांबणं हा कामाचाच भाग. सोलापुरी चादरीची सलग वीण अशा कितीतरी थांबण्यांतून पुढे सरकलेली असते.

पटावर मात्र माग बंद करता येत नाही. चाल करावीच लागते. विचारात बसलं तर घड्याळ धावतं. शेवटाकडे कधी झुगझ्वांग येतो: आहे तिथेच राहिलं तर निभावलं असतं, पण जी चाल करावी ती घात करते. तिथे म्हण साफ उलटी पडते. इकडे वेळ संपून हरणाऱ्याला ती शब्दशः लागू.

त्या मुलाने ई-प्यादं एक घर सरकवलं असतं, तर काळ्या उंटाने घोडा टिपला असता. पण तीही चालच, थांबणं नव्हे. पुढच्या फेरीत तो पुन्हा कारो-कान खेळणार असेल, तर पाचव्या चालीला हात आखड म्हणावं की बिनधास्त खेळ म्हणावं? पहिलं सांगितलं तर तो प्रत्येक चालीला भिईल. दुसरं सांगितलं तर पुन्हा घोडाच उचलेल. यातलं कमी नुकसानाचं कोणतं, हे अजून ठरत नाही.