मधला डबा

होम थिएटर घेतलेले आमचे बरेचसे मित्र पाहुण्यांना एकच गोष्ट ऐकवतात : सबवूफर. खिडकीच्या काचा थरथरल्या की पैसे वसूल! पण मंडळी, सिनेमा खरा राहतो तो सेंटर चॅनेलमध्ये. ५.१ मध्ये जवळजवळ सगळे संवाद टीव्हीखालच्या त्या एकट्या आडव्या स्पीकरमधून येतात. बाकीचे म्हणजे वऱ्हाड.

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर लेव्हलचं एक पान असतं. टेस्ट टोन लावला की एकेका स्पीकरमधून पिंक नॉइज येतो, म्हणजे जुन्या टीव्हीवर केंद्र बंद झाल्यावर व्हायची तशी खरखर, पण जरा जाड. आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर मीटर धरायचा (सी वेटिंग, स्लो) आणि प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणायचा. मोबाईलवरच्या अ‍ॅपचा आकडा खरा मानू नका, पण दोन स्पीकरमधला फरक पाहायला ते चालतं. हे करावं लागतं कारण स्पीकर सारख्या अंतरावर नसतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल पडतात. खोलीत भिंती त्यातले थोडे परत देतात, इतकंच. हल्ली हे काम सोबत मिळणारा माइकच करतो. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ. चहा होईपर्यंत सगळे स्पीकर एका पातळीवर.

फक्त सोफ्यावर कोण बसणार आहे, हे त्या माइकला कळत नाही. आमच्याकडे बाबा बसतात. वय ६८.

बाबा आमच्या नंतर हसतात. सगळे हसले की साधारण दीड सेकंदाने. आधी ते विचारायचे, "अरे, काय म्हणाला तो?" मग विचारणं बंद झालं. मग मध्यंतराच्या आसपास "डोळे दुखतात" म्हणून उठून आत जायला लागले. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, हे त्यांचं ठाम मत. (त्यात तथ्य आहे, पण तेवढंच नाही.)

वयाबरोबर कान जातो तो आधी वरच्या फ्रिक्वेन्सीत. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोचतात. स, श, फ ही कुजबुजणारी व्यंजनं वर राहतात, ती गळतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. 'सात' आणि 'हात' एकच. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण बाँबस्फोटही तितकाच वाढतो आणि स्वयंपाकघरातून आईचा.

म्हणून मी फक्त सेंटर ४ डेसिबलने वर नेला, सराउंड २ ने खाली आणले आणि नाइट मोड लावला. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. ४ ऐकायला थोडे वाटतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. शुद्धतावादी मंडळी मला शिव्या घालतील. घालोत बापडे! त्या रविवारी बाबा पाट्या पडेपर्यंत बसले, आणि एका विनोदाला माझ्या आधी हसले :)

इथवर छान. पण हा आकडा थांबत नाहीये. गणपतीत ४ होता, दिवाळीत साडेपाच, आता ७. "मधल्या डब्याचं अजून एक वाढव रे," असं सांगतात आणि मी वाढवतो. मेनूत अजून जागा आहे, पण ७ वर बायकोला संवाद टोचायला लागलेत. शिवाय लेव्हल वाढवून गळलेला 'स' कितीसा परत येणार? कान तपासण्याबद्दल दोनदा बोलून पाहिलं. "मला काय झालंय? तुझं ते यंत्र दाखव कोणाला तरी."

गुरुवारी साडेपाचची ऑडिओमेट्रीची वेळ घेतली आहे. आईला सांगितलंय. बाबांना अजून नाही.