टिनाखालचा मे महिना

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. 'कवेलू' हा शब्दसुद्धा मला आजीमुळे कळला. तोवर मी 'रूफ टाइल्स' म्हणायचे आणि गावातली पोरं खी खी हसायची.

आजी राहते झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनजवळच्या एका खेड्यात. मातीच्या भिंती, वर कवेलू. दर वर्षी मृगाच्या आधी बाबांना सुट्टी काढून तिकडे जावं लागायचं. कारण माकडं! एक टोळी छपरावरून गेली की ढिगाने कवेलू फुटणार, आणि पहिल्याच पावसात घरभर गंज-बादल्या मांडाव्या लागणार. फुटके काढून नीट रचून देणारा माणूसही हल्ली सहज मिळत नाही.

माझं फर्स्ट इयर नुकतंच संपलं होतं, म्हणजे मी सर्वज्ञ झाले होते. बाबांना ठासून सांगितलं, "टिन टाका. हलकं, गळत नाही, मेंटेनन्स नाही." बाबांनी ऐकलं. आजीला कोणी विचारलंच नाही.

पावसाळा मस्त गेला. आजी कोरड्या घरात झोपली आणि मी कॉलर ताठ करून फिरले.

मग मे आला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला मे काय असतो ते पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगून कळणार नाही. पारा ४५ च्या आसपास. आजी दुपारी घरात थांबेना, निंबाखाली खाट टाकून बसायची. एक दिवस शेजारच्या काकूंचा बाबांना फोन आला, "भाऊ, मायले ऊन लागलं." वणीच्या दवाखान्यात दोन सलाइन लावाव्या लागल्या. मी तेव्हा हॉस्टेलवर जर्नल पूर्ण करत होते...

बरी होऊन आल्यावर आजीने टिनावर तुराट्या अन् पऱ्हाटी पसरवून घेतली. मी म्हटलं, "आजी, चुलीची ठिणगी उडाली तर?" ती म्हणाली, "मंग तू सांग ना काय करू. तूच इंजिनेर हायेस." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर थर्ड इयरला, हीट ट्रान्सफरच्या तासाला सापडलं. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परत पाठवतो, पण जे पोटात घेतो ते किरणांवाटे बाहेर टाकायला महाकंजूष! त्यालाच कमी एमिसिव्हिटी म्हणतात. म्हणून पत्रा तापत राहतो. त्यात जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे वरचं ऊन जवळजवळ तसंच खाली. लाल कवेलू खरं तर पत्र्यापेक्षा जास्त ऊन शोषतो. पण तो जाड असतो, सावकाश तापतो, आणि दोन कवेलूंमधल्या फटींतून गरम हवा निघून जाते. ज्या फटींना मी 'लीकेज' म्हणत होते, त्यांतूनच घर श्वास घेत होतं. पांढरा चुना मात्र दोन्ही कामं करतो: बरंचसं ऊन परत फेकतो आणि उरलेली उष्णताही सोडतो.

मुकुटबनच्या जमिनीत चुनखडी, शेजारी सिमेंटचा कारखाना, आणि मी चुना आणला वणीहून! पहिला हात अवकाळी पावसात पोपडे होऊन उतरला. दुसऱ्यांदा त्यात फेविकॉल घातलं, ते टिकलं. आता भर दुपारी टिनाला खालून हात लावता येतो. पण बारा ते चार आजी अजूनही निंबाखालीच असते, हेही खरं. शिवाय पावसाळ्यानंतर चुना पुन्हा मारावा लागणार. 'मेंटेनन्स नाही' म्हणणारी मीच!

पैनगंगेपलीकडे तेलंगणा. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना थंड छत सक्तीचं, पण ६०० चौरस यार्डांपेक्षा लहान प्लॉटवरच्या घरांना ऐच्छिक. म्हणजे टिनाखाली राहणारे नेमके ऐच्छिकमध्ये! आपल्याकडे तर आजीला हे सांगायला फक्त मी आहे, आणि माझा रेकॉर्ड तुम्ही वाचलाच.

जुने कवेलू आजीने गोठ्यामागे रचून ठेवलेत, एकही विकू दिला नाही. यंदा निदान स्वयंपाकघरावरचं टिन काढून ते परत चढवायचं ठरलंय. मी विचारलं, "आणि माकडं?"

"ते तं येतीनच," आजी म्हणाली. "तू बी येत जाय."