नागरिक की प्रजा? आफ्रिकेकडून काय शिकायचे

आफ्रिकेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘ते मागासच, त्यांना आधुनिकता झेपली नाही.’ दुसरे, ‘गोऱ्यांनी येऊन त्यांची सुंदर परंपरा मोडली.’ आम्ही अभ्यासवर्गात या विषयावरची पुस्तके वाचतो आहोत आणि आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत.

पहिल्या उत्तराचा निकाल वॉल्टर रॉडनी यांनी १९७२ सालीच लावला. मागासलेपण ही आफ्रिकेची जन्मजात अवस्था नव्हे. गुलामांचा व्यापार आणि वसाहतींची लूट यांतून ते घडवले गेले. ‘तुमच्यात गुणवत्ताच नाही’ हा टोमणा ऐकत वाढलेल्या आम्हाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या उत्तराचा समाचार महमूद ममदानी घेतात. १९४६ साली मुंबईत जन्मलेले, युगांडात वाढलेले आणि १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलले तेव्हा देश सोडावा लागलेले हे विचारवंत. १९९६ च्या ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’मध्ये ते दाखवतात की वसाहती राज्याला दोन तोंडे होती. शहरात गोऱ्यांसाठी कायदा आणि हक्क. खेड्यात काळ्यांसाठी ‘रूढी’ आणि ती राबवणारा, सरकारचा पाठिंबा असलेला टोळीप्रमुख. जमीन, न्याय, कर, वेठ सगळे त्याच्या मुठीत. स्वातंत्र्य आले, शहरातला वर्णभेद मोडू लागला, पण अनेक देशांत खेड्यातली ही हुकूमशाही टिकली. तिथला माणूस नागरिक झाला नाही, प्रजाच राहिला.

म्हणूनच खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांपासून सावध राहा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानल्याबद्दल आनंद व्यक्त केला, तो उगीच नव्हे.

पण ममदानींचा आधार घेऊन कुणी ‘जातही इंग्रजांनीच बनवली’ म्हणू लागला, तर तिथेच अडवा. टोळीप्रमुखाला अनिर्बंध सत्ता वसाहतीने दिली. अस्पृश्यता मात्र इंग्रजांच्या आधी पेशवाईतही होती. तुलना करायची ती फरक लपवण्यासाठी नव्हे.

राहिला विकास. लेसोथोच्या डोंगराळ थाबा-त्सेका भागात १९७५ पासून जागतिक बँक आणि कॅनडाच्या मदतीने विकास प्रकल्प चालला. तिथले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते, पण कागदावर ते बाजारापासून तुटलेले शेतकरी ठरले. जेम्स फर्ग्युसन यांनी १९९० मध्ये लिहिले की शेती-पशुपालन सुधारण्यात प्रकल्प फसला, मात्र रस्त्याबरोबर सरकारी सत्ता डोंगरात पोहोचली. गरिबीचे राजकारण पुसून तिला तांत्रिक अडचण बनवले गेले.

आम्ही आधुनिकतेवर पाणी सोडायला तयार नाही. कायदा, शाळा, हक्क ही आमची लढून मिळवलेली कमाई आहे. पण वस्तीत नवी योजना आली की रस्ता किती फूट रुंद, एवढेच विचारून थांबू नका. जमीन कुणाच्या नावावर आहे, निर्णय कुणी घेतला आणि त्या कागदावर आपण नागरिक आहोत की लाभार्थी, हेही विचारा.

जय भीम!