सुरुवात कुणाच्या हाती

देवास, ४ नोव्हेंबर

धारच्या एका जुन्या मराठी वाचनालयाचं काम हाती घेतलं. सभासद बहुतेक साठी ओलांडलेले, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. देवघेवीची नोंद आता वहीऐवजी गूगल शीटमध्ये होते. चिटणीसकाकांच्या मागण्या दोनच. पुस्तकाची मुदत संपण्याआधी सभासदाला ईमेलनं आठवण जावी, आणि कुणी नव्या सभासदत्वाचा फॉर्म भरला की त्याला लगेच स्वागताचं पत्र जाऊन काकांनाही कळावं. "रोज शीट उघडून बघत बसणं आता माझ्याच्यानं होत नाही," म्हणाले.

वरवर दोन्ही कामं सारखीच, पत्र पाठवण्याची. पण पहिलं घड्याळानं सुरू व्हायचं आहे, दुसरं माणसाच्या कृतीनं. पत्र पाठवणारा कोड दहा-बारा ओळींत संपतो. तो कधी, कशामुळे आणि कुणाच्या नावानं चालू व्हावा, खरा विचार तिथे लागतो. या कामात नवी येणारी मुलं कोडवर दिवस घालवतात आणि तो सुरू करणारा ट्रिगर शेवटी घाईघाईनं लावून मोकळी होतात, याचं मला वाईट वाटतं.

देवास, ६ नोव्हेंबर

गूगल शीटमागे कोड चालवणाऱ्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये ट्रिगर दोन जातींचे. साधा ट्रिगर म्हणजे शीट उघडली किंवा एखादा रकाना बदलला की आपोआप चालणारा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणूनच त्याला अधिकारही थोडे. तो ईमेल पाठवू शकत नाही आणि तीस सेकंदांपेक्षा जास्त चालत नाही. दुसरा मुद्दाम बसवावा लागतो. तो पत्रं पाठवू शकतो, कारण ज्यानं तो बसवला त्याच्या खात्याच्या अधिकारानं तो चालतो. शीट कुणीही उघडो, फॉर्म कुणीही भरो, पत्र जाणार ते बसवणाऱ्याच्या नावानं.

आठवणपत्रांना रोज सकाळी नऊची वेळ दिली. नऊ म्हणजे ठोक्याला नऊ नव्हे. नऊ ते दहामधली एखादी वेळ गूगल स्वतः निवडतं आणि पुढे रोज साधारण तीच पाळतं. काकांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग नेमकं नऊलाच का नाही?" जगभरातल्या असंख्य लोकांनी नऊचाच ठोका मागितलेला असतो, हे उत्तर मी दिलं, पण ते त्यांच्या गळी उतरलं नाही.

स्क्रिप्टचा टाइम झोनही तपासला. तो भारताचा, म्हणजे यादीतला 'कोलकाता', नसेल तर सकाळची आठवण रात्रीही जाऊन पडू शकते.

सोनकच्छ, ९ नोव्हेंबर

आतेभावाच्या शेतावर. गव्हासाठी पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, चालू आहे. दादाच्या मोटरच्या स्टार्टरला ऑटो स्विच आहे. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. रात्री दोनला लाइट आली तरी दादानं अंथरुणातून उठून बांधावरून अंधारात जायला नको. सापाकिरड्याची भीती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या छोट्या पेटीची किंमत सांगावी लागत नाही.

पण हाच ट्रिगर एका डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरांना लावला की काय होतं, तेही इथेच दिसतं. इंडक्शन मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट ओढते. लाइट येताक्षणी सगळ्या मोटरा एकदम उठतात, दाब कोसळतो, आणि कधी डीपीच जळते. मग ऐन पाण्याच्या वेळी शेतं कोरडी. महाराष्ट्रात महावितरण याच कारणानं दरवर्षी शेतकऱ्यांना विनवतं, की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

गूगल नऊचा ठोका नेमका का पाळत नाही, याचं याहून चांगलं उत्तर काकांना देता येणार नाही. पुढच्या वेळी हेच सांगेन.

दादाला म्हटलं, "ऑटो स्विच काढू नकोस, पण त्याला टायमर जोड. तुझी मोटर लाइट आल्यावर चार मिनिटांनी, शेजारच्यांची सातनं, त्यापलीकडची दहानं." तो म्हणाला, "आणि विहिरीत पाणीच नसलं तर?" प्रश्न अगदी बरोबर. लाइट आली ही झाली घटना. पाणी आहे का, ही अट. घटना घडली तरी अट पुरी झाल्याशिवाय काम सुरू होता कामा नये, नाहीतर मोटर कोरडी फिरून जळते. त्यासाठी पाणी नसताना मोटर बंद पाडणारं उपकरण मिळतं. ते आणायचं ठरलं.

धार, १३ नोव्हेंबर

इंदूरमार्गे धार. वाचनालयात बसून जुनी व्यवस्था उलगडली. काही वर्षांपूर्वी एका उत्साही तरुणानं सभासदांना वाढदिवसाची पत्रं जातील असं करून ठेवलं होतं. तो नोकरीसाठी परगावी गेला, ज्यावरून पत्रं जात ते त्याचं खातं बंद झालं आणि पत्रं थांबली. वाईट असं की थांबल्याचं कुणाला कळलंही नाही. न आलेल्या पत्राची तक्रार कोण करणार? ज्येष्ठ सभासदांना वाटलं, वाचनालय आपल्याला विसरलं.

म्हणून यावेळी सगळे ट्रिगर वाचनालयाच्याच खात्यातून बसवले. काकांनी विचारलं, "माझ्याही खात्यातून एक लावून ठेव ना, राखीव म्हणून." नाही म्हटलं. एकानं बसवलेला ट्रिगर दुसऱ्याला आपल्या यादीत दिसत नाही, आणि दोघांचे दोन्ही चालतात. सभासदाला एकाच पुस्तकाच्या दोन आठवणी. काकांच्या आईचं माहेर देवासचं, त्यामुळे त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती एवढंच म्हणणं पुरलं. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून एकाच गावात दोन गाद्या, दोन दरबार, दोन कारभार. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरलाही या रचनेचं नवल वाटलं होतं. राज्यं तशी चालली, पण आठवणपत्रं तशी चालवायची नाहीत, यावर काकांचं आणि माझं एकमत झालं.

देवास, १५ नोव्हेंबर

धारहून आल्यापासून भोजराजा डोक्यात आहे. अकराव्या शतकात धारेत राज्य करणाऱ्या या राजाच्या नावावर 'समराङ्गणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. गणपतिशास्त्रींनी संपादित केलेला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये छापला गेला. त्याचा एकतिसावा अध्याय सगळा यंत्रांवर. दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या, चोराला अडवणारे लाकडी द्वारपाल, कारंज्यांची धारागृहं. बनवण्याच्या सगळ्या खुणा तो सांगत नाही. अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राखण्यासाठी, असंही बजावतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं वर्गीकरण. यंत्र कसं सुरू होतं, यावरून तो प्रकार पाडतो. एक आपलं आपण चालणारं, दुसरं एकदा प्रेरणा दिली की पुढे चालत राहणारं, आणि आणखी काही. आपलं आपण चालणाऱ्याला तो श्रेष्ठ म्हणतो. इथे मी राजाशी सहमत नाही. मला दुसरं अधिक भरवशाचं वाटतं, कारण त्यात प्रेरणा देणारा हात कुणाचा हे विचारता येतं. चांगल्या यंत्राचे गुण मात्र त्यानं अचूक मोजले आहेत. अडखळू नये, नको तिथे आवाज करू नये, हव्या वेळी परिणाम दाखवावा आणि काम झाल्यावर पुन्हा पूर्वस्थितीला यावं. शेवटचा गुण आज किती जण तपासतात?

देवास, १९ नोव्हेंबर

तपासणीचा दिवस. शीटमध्ये 'आठवण पाठवली' असा रकाना घातला. पत्र गेलं की तिथे तारीख पडते. ट्रिगर त्याच दिवशी दुसऱ्यांदा चालला तरी तारीख बघून त्या ओळीला वगळतो. पुस्तक परत आलं की रकाना रिकामा होतो आणि ओळ पुढच्या वाचकासाठी तयार.

फॉर्मचाही मुद्दाम खेळ केला. एकच माणूस दोनदा भरतो, नाव भरतो आणि ईमेल चुकवतो, मध्यरात्री भरतो. चुकलेल्या ईमेलची ओळ आता लाल होऊन काकांना कळते. ट्रिगर चालताना काही चुकलं तर गूगल बसवणाऱ्याच्या खात्यावर कळवतं, म्हणून वाचनालयाच्या खात्याची डाक काकांच्या फोनवर उघडेल असं केलं. साध्या खात्यातून दिवसाला शंभर जणांनाच पत्रं जातात, वाचनालयाला ती पुष्कळ झाली.

धार, २४ नोव्हेंबर

व्यवस्था सोपवली. शीटमध्ये एक वेगळं पान केलं आहे. कुठला ट्रिगर, कशानं सुरू होतो, कुठल्या खात्यातून, कुणी सांगितलं म्हणून, बंद कसा करायचा. काकांनी ते पान छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

मग त्यांनी वाढदिवसाच्या पत्रांचा विषय काढला. ती पुन्हा सुरू करावीत का? तांत्रिकदृष्ट्या अडचण काहीच नाही. पण गेल्या काही वर्षांत दिवंगत झालेल्या सभासदांची नावं यादीत अजून आहेत, आणि असं एक पत्र कुठल्या घरी गेलं तर फार लागेल. काका यादी घेऊन घरोघर जाऊन येणार आहेत. तोवर तो ट्रिगर बसवायचा नाही, असं त्या पानावर तारखेसह लिहून ठेवलं.