विंध्यगिरीच्या पायथ्याशी

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात दोन टेकड्यांच्या मध्ये एक तळे आहे. कन्नडमध्ये 'बेळ' म्हणजे पांढरे आणि 'कोळ' म्हणजे तळे. त्यावरूनच श्रवणबेळगोळ हे नाव रूढ झाले, असे मानतात. एका बाजूला चंद्रगिरी, दुसऱ्या बाजूला विंध्यगिरी. विंध्यगिरीच्या माथ्यावर गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने इ. स. 981 च्या सुमारास घडविलेली, एकाच पाषाणातील सुमारे 57 फूट उंचीची भगवान बाहुबलींची मूर्ती उभी आहे. मूर्तीच्या पायाशी चावुंडरायाचे नाव सांगणारी मराठी ओळ कोरलेली असल्याने मराठी यात्रिकाला हे क्षेत्र परके वाटत नाही.

डिसेंबर महिन्यातील एका दुपारी सांगलीचे एक कुटुंब येथे येऊन पोहोचले. सत्तरीतल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात. यात्रेची सर्व आखणी मुलाने केली होती आणि त्या आखणीचा त्याला रास्त अभिमान होता. धर्मशाळेची नोंदणी, औषधे, गाळून उकळलेले पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, हे सारे यादीप्रमाणे डिकीत भरले होते. "प्रवासात कोणापुढे हात पसरायची वेळ येता कामा नये," हे त्याचे ब्रीद होते.

डोंगर अनवाणी चढायचा असतो. पायथ्याशी त्याने सर्वांची पादत्राणे डिकीत ठेवून घेतली. पाठोपाठ मोबाइल, पाकिटे, सुनेची पर्सही आत गेली. "भगवंतांनी सर्वस्व सोडले, आपण दोन तास मोबाइल सोडायला हरकत नाही," असे तो नातीच्या कुरकुरीवर म्हणाला आणि डिकी आपटून बंद केली.

त्या दिवशी आजींचे एकाशन होते. दर्शन घेऊन खाली उतरल्यावर एकदाच जेवायचे, असा त्यांचा नेम. डोली नाकारून, खडकात खोदलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या त्या थांबत-थांबत चढल्या. माथ्यावर मूर्तीच्या मांड्यांवरून चढलेल्या कोरीव वेली आणि पायाजवळची वारुळे पाहताना नात कुरकुर विसरली. बाहेर गुळ्ळकायज्जीची लहान मूर्ती आहे. आजींनी नातीला तिची कथा सांगितली. चावुंडरायाने घागरीमागून घागरी दूध ओतले, तरी अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत उतरेना. मग एका गरीब म्हातारीने फळाच्या कवचातून आणलेले इवलेसे दूध वाहिले आणि मूर्ती नखशिखान्त न्हाली. मंत्र्याचा अभिमान गळाला.

सर्व जण खाली उतरले, तेव्हा सूर्यास्ताला जेमतेम तास उरला होता. मुलाने खिसा चाचपला. मग दुसरा खिसा. मग पहिला पुन्हा. किल्ली डिकीतच राहिली होती. रिमोटने कुलूप उघडून त्याने फक्त डिकी उघडली होती. दार एकही उघडले गेले नाही, म्हणून काही क्षणांनी गाडीने आपणहून पुन्हा कुलूप लावून घेतले होते. यंत्राने आपले काम चोख केले होते. जादा किल्ली पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, सांगलीच्या कपाटात सुरक्षित होती.

चौघेही अनवाणी आणि चौघांजवळ मिळून एक रुपया नव्हता. एवढ्यात डिकीतून णमोकार मंत्र ऐकू येऊ लागला. सुखरूप पोहोचलात का, हे विचारणारा सांगलीचा फोन होता. मंत्र पूर्ण झाला, थांबला आणि पुन्हा सुरू झाला. नातीला हसू आवरेना. सूनबाई मात्र एकदा सूर्याकडे आणि एकदा सासूबाईंकडे पाहत होत्या. आजी रात्री अन्न-पाणी घेत नाहीत. ही वेळ टळली तर तो उपवास थेट दुसऱ्या सकाळपर्यंत लांबणार होता.

जवळच एक म्हातारी शहाळी विकत होती. आजींचे माहेर निपाणीकडचे, त्यामुळे कन्नड त्यांच्या जिभेवर होती. दोघींचे बोलणे झाले. म्हातारीने कनवटीचा बटणांचा फोन काढून चन्नरायपट्टणच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या भाच्याला बोलावले. ते गाव दहा-बारा किलोमीटरवर. मग तिने एक शहाळे सोलले, आपल्यासाठी ठेवलेली चार केळी पुढे केली आणि पैशांचे दार उघडल्यावर पाहू म्हणाली. मुलाने मान खाली घालून, "आई, तू घे," एवढेच म्हटले. आजींनी हात जोडले आणि सूर्य टेकण्यापूर्वी एकाशन पूर्ण केले.

भाचा आला तेव्हा अंधार पडू लागला होता. त्याने फडके गुंडाळलेली लाकडी पाचर दाराच्या वरच्या फटीत बसवली, वाकवलेली लांब सळई आत सरकवली आणि आतील कडी ओढली. दार उघडताच गाडी चोर आल्यासारखी ठणाणा करू लागली. आसनाजवळची कळ ओढून डिकी उघडेपर्यंत अर्धे गाव गोळा झाले. डिकीतून दशम्यांचा दरवळ आला. परंतु सूर्य मावळला होता. घरचा सारा डबा तसाच राहिला.

मुलाने पाकिटातून मोठी नोट काढली. म्हातारीने शहाळ्याचे आणि केळ्यांचे तेवढेच पैसे मोजून घेतले आणि उरलेले परत केले. निघताना आजी तिला म्हणाल्या, "जय जिनेंद्र, गुळ्ळकायज्जी!" म्हातारी तोंडाला पदर लावून खूप हसली. ही कथा त्या गावात कोणाला सांगावी लागत नाही.

मुलाच्या याद्या आजही होतात. फक्त पहिल्या क्रमांकावर किल्ली असते आणि जादा किल्ली आजींच्या कमरेच्या बटव्यात. ब्रीद मात्र त्याने पुन्हा कधी उच्चारले नाही.