जेवणाच्या टेबलावरचे विमान

पार्ल्यात ज्याने जन्म काढला त्याला विमानांचे कौतुक राहत नाही. आम्हां पार्लेकरांच्या एका कानाशी जुहू आणि दुसऱ्या कानाशी सांताक्रूझ; वाक्य अर्ध्यावर थांबवायचे, डोक्यावरचे विमान जाऊ द्यायचे आणि मग उरलेले वाक्य पुरे करायचे, ही आमच्याकडची बोलण्याची रीतच होऊन बसली आहे. बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला आणि गावचा तो खमंग वास गेला. विमानांचा आवाज मात्र आहे तेथेच आहे. इतकी विमाने डोक्यावर असताना गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात आणखी एक आले, आणि तेही थेट जेवणाच्या टेबलावर.

त्याचे असे झाले. आमची कन्या वैमानिक होण्याचे शिक्षण घेते. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि एका तासाच्या उड्डाणाला जे पैसे पडतात तेवढ्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. मुदतठेवी मोडल्या, सौ.च्या बांगड्यांनी बँकेची तिजोरी पाहिली. तो हिशेब येथे मांडत नाही. पावसाळ्यात ढग खाली उतरले की शिकाऊ विमाने जमिनीवरच बसून राहतात. तशी ती जुलैमध्ये घरी आली, आणि येताना एक मोठे खोके घेऊन आली. पाऊस सरला की तिची इन्स्ट्रुमेंट रेटिंगची परीक्षा व्हायची होती. म्हणजे बाहेरचे काहीही न पाहता, केवळ समोरच्या तबकड्यांवरील काटे वाचून विमान चालवण्याची परीक्षा. ही विद्या हात बसेपर्यंत घोकावी लागते, आणि दीड-दोन महिने हात थांबला की ती अंगातून उतरू लागते.

खोक्यातून विमानाचे सुकाणू निघाले, ते टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळण्यात आले. खाली पायाशी दोन पेडल. समोर मोठा पडदा. पेडल दाबली की गुळगुळीत फरशीवरून भिंतीकडे पळत. तेव्हा माझ्या बहिणीचा, म्हणजे मुलांच्या आत्याचा, दगडी पाटा त्यांच्यामागे आडवा लावावा लागला. तेव्हापासून खोबऱ्याची चटणी हवी असल्यास विमान उतरेपर्यंत थांबायचे, असा घरात नियम झाला.

आमच्या इमारतीत ही बातमी “मुलगी दिवसभर गेम खेळते” अशा स्वरूपात पसरली. त्यात लोकांचा फारसा दोष नाही, कारण ह्या यंत्राचा जन्मच खेळण्याच्या घरात झाला आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. उड्डाण शिकणे त्या काळीही महागच. लिंकने ऑर्गनचे भाते घेतले, त्यावर आखूड पंखांचे एक लाकडी खोके बसवले आणि १९२९ साली जमिनीवर डोलणारे, झुकणारे, वळणारे विमान तयार केले. आपल्या पेटीचा भाता आठवा. त्याच वाऱ्यावर हे विमान उडत होते! पहिली गिऱ्हाइके मिळाली ती करमणुकीच्या बागांतली. पुढे १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने हवाई टपाल सैन्याच्या वैमानिकांकडे सोपवले. ढगांत केवळ उपकरणांवर विमान चालवण्याची त्यांना सवय नव्हती, आणि हिवाळा कडक होता. थोड्याच आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा कोठे सैन्याला लिंकच्या खेळण्याची आठवण झाली आणि सहा यंत्रांची खरेदी झाली. पत्रे पोहोचवण्यासाठी माणसे मरावीत ह्याचे आज नवल वाटते. पण आपल्याकडेही हवाई टपाल असेच सुरू झाले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे आमच्या जुहूलाच उतरले, आणि तेही एका इंजिनाच्या इवल्याशा विमानातून.

घरच्या संगणकावरील विमानाचा वंश निराळा. इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक ह्या विद्यार्थ्याने १९७५ साली ह्याच विषयावर प्रबंध लिहिला. त्यातून निघालेला कार्यक्रम मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये बाजारात आणला. तेव्हा जमीन म्हणजे चार हिरव्या रेघा होत्या. आता पडद्यावर आमचे पार्ले दिसते. सौ.ने पहिल्या दिवशी आमची इमारत शोधायला लावली. सापडली, फक्त गच्चीवरची पाण्याची टाकी नव्हती. “म्हणजे पुरे खरे नाही,” असा तिने निकाल दिला आणि ती कुकर लावायला गेली.

तो निकाल बराचसा बरोबर आहे. हे यंत्र सगळे शिकवत नाही. आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना नाक वाऱ्याकडे तिरपे धरून यायचे आणि चाके टेकण्याच्या सुमारास पायाने ते धावपट्टीशी सरळ करून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा, एवढे पडद्यावर समजते. पण त्या क्षणी बुडाखालची खुर्ची जे सांगते ते जेवणाच्या टेबलाची खुर्ची सांगत नाही. सुकाणूला हवेचा खरा जोर येत नाही. जमीन किती खाली आहे ह्याचा अंदाज सपाट पडद्यावर फसवा असतो. शिवाय घरी शिकलेल्या मुलांची नजर तबकड्यांनाच खिळते, खिडकीबाहेर जात नाही, अशी शिक्षकांची तक्रार असते. आणि ह्या तासांची सरकारदरबारी नोंद नाही. मंजूर यंत्रावरील तासांना काही मर्यादेपर्यंत किंमत असते. पाट्याला टेकवलेल्या पेडलना नाही. कन्येने आपली एक दोनशे पानी वही केली आणि त्यात हे बिनहिशेबी तास ती निगुतीने लिहू लागली.

परंतु जेथे हातापेक्षा डोक्याचे काम जास्त, तेथे हे यंत्र भलतेच कामाचे. होल्डिंगचेच घ्या. खाली गर्दी असली की रिक्षा बाजूला उभी करता येते, विमान उभे करता येत नाही. त्याला हवेतच एका ठराविक बिंदूभोवती लांबट घिरट्या घालाव्या लागतात. वळण सेकंदाला तीन अंशांचे, म्हणजे अर्धे वर्तुळ एका मिनिटात. मग एक मिनिट सरळ, पुन्हा अर्धे वर्तुळ, पुन्हा एक मिनिट सरळ. चार मिनिटांचा फेरा. हे झाले वारा नसतानाचे. वारा असला की जाताना मिनिट लांबते, येताना आखूड होते, आणि लंबवर्तुळाची पार इडली होते. शिवाय आपण कोणत्या दिशेने येतो त्यावर त्या घिरटीत शिरण्याच्या तीन तऱ्हा ठरलेल्या, आणि कोणती लागू हे काही सेकंदांत ठरवायचे. कन्येने हॉलच्या फरशीवर खडूने ती आकृती काढली होती. रोज सकाळी ती एका खोलीतून निराळ्या कोनाने चालत यायची आणि आकृतीत शिरायची. आत्या तिला ओलांडून देवघरात जाई. एकदा जेवायची हाक आली तेव्हा मी सहज म्हटले, “थांबव ना ते, बटण आहे की!” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “बाबा, विमान हवेत आहे.” थांबण्याचे बटण तिने शेवटपर्यंत दाबले नाही. आमटी दोनदा गरम झाली.

माझ्याकडे काम आले ते ऑगस्टच्या सुरुवातीला. तिच्या शिकाऊ विमानातील कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान सरळ आहे की कललेले हे दाखवणारी तबकडी, आणि शेजारची दिशा दाखवणारी तबकडी, ह्या दोन्ही हवेच्या ओढीवर फिरणाऱ्या भिंगऱ्यांनी चालतात. ती ओढ इंजिनावरचा एक पंप निर्माण करतो. पंप बिघडला तर तबकडी एकदम बंद पडत नाही. भिंगरी हळूहळू मंदावते, आणि चित्रातले क्षितिज अगदी सभ्यपणे एका बाजूला कलू लागते. खऱ्या विमानात शिक्षक फार तर तबकडी झाकू शकतो. तिला खोटे बोलायला लावू शकत नाही. घरच्या यंत्रात ते जमते. मात्र बिघाड केव्हा येणार हे शिकणाराला ठाऊक असता कामा नये. तेव्हा तिने एक छोटा पडदा माझ्या हाती दिला, कोणते बटण ते दाखवले आणि सांगितले, “मला न कळवता दाबायचे.”

मी पार्लेकर आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान वांद्र्यासमोर समुद्रात पडले तेव्हा मी शाळेत होतो. २१३ माणसे होती; एकही वाचले नाही. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. मुख्य वैमानिकापुढचे क्षितिज चुकीचे दाखवू लागले, आणि त्याने त्या खोट्या क्षितिजाला सरळ करण्यासाठी चांगले सरळ चाललेले विमान उलथे केले, असे चौकशीत निघाले. बाकीची उपकरणे खरे सांगत होती. आमच्या आळीतली मोठी माणसे दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडे जाऊन आली आणि कितीतरी दिवस त्याविषयी मुलांसमोर बोलत नव्हती.

बापाने मुलीच्या वाटेतले काटे वेचावेत अशी रीत आहे. मला रोज संध्याकाळी काटे बिघडवायचे होते.

पहिल्या दिवशी ती ढगांत, तीन हजार फुटांवर, पूर्वेकडून सत्तावीस क्रमांकाच्या धावपट्टीकडे येत होती. रेडिओचा आकडा बदलायला तिने हात पुढे केला तेव्हा मी बटण दाबले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. क्षितिज हळूहळू असे कलले की विमान डावीकडे झुकले आहे असे वाटावे. तिने ते उजवीकडे सरळ केले. पुन्हा कलले, पुन्हा तिने सरळ केले. खरे विमान आता उजवीकडे पुरते झुकले होते. उंचीचा काटा उतरू लागला, वेगाचा चढू लागला, वाऱ्याचा आवाज वाढला. आणि पडदा थिजला.

“किती सेकंद?”

“एकशे चाळीस,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून सौ.ने विचारले, “अहो, काय झाले?” मी म्हटले, “काही नाही.” कन्येने घामेजलेले तळवे ओढणीला पुसले आणि म्हणाली, “पुन्हा.”

त्या रात्री तिने मला एक जुना प्रयोग सांगितला. १९५४ साली, पुन्हा त्या इलिनॉय विद्यापीठातच, उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत खऱ्या विमानात बसवले. सोबत शिक्षक होता म्हणून ठीक. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. कारण कानातली तोल सांभाळणारी नलिका संथ वळणात थोड्याच वेळात गप्प होते, आणि माणसाला वाटते आपण सरळच चाललो आहोत. त्याच वीस जणांना मोजके तास शिकवल्यावर ते जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर आले. हा शेवटचा भाग ऐकून मला झोप लागली.

मग मी कामात तरबेज होत गेलो. बटण दाबायला माणूस बेसावध असावा लागतो, आणि घरात बेसावध करणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. कुकरची शिटी, दारावरची घंटा. आत्याला मी सामील करून घेतले, माझी खूण झाली की ती विचारी, “काय गं, परीक्षेची तारीख कोणती म्हणालीस?” आणि त्याच क्षणी पंप मरे. भाचीला फसवायला तिला आवडे, पण पुढचे पाहायला ती थांबत नसे. देवघरात निघून जाई. कन्येने सौ.ने जपून ठेवलेल्या एका जाड लग्नपत्रिकेतून दोन गोल चकत्या कापल्या होत्या. क्षितिज आणि वळण दाखवणारी तबकडी ह्यांचे पटेनासे झाले की ती चकत्या पडद्यावर चिकटवून खोटे बोलणाऱ्या तबकड्या झाकून टाकी, आणि उरलेल्यांवर, म्हणजे वेग, उंची, वळण, होकायंत्र आणि हातातले घड्याळ ह्यांवर, विमान उतरवी. धावपट्टीकडे येणारी उतरती वाट तीन अंशांची असते, मैलाला सुमारे तीनशे फूट. जमिनीपासून दोनशे फुटांवर दिवे दिसले तर उतरायचे, नाहीतर मुकाट्याने वर जायचे. वर जाण्याचे प्रसंग मी मुद्दाम बरेच आणले. गणपतीपर्यंत तिला बिघाड ओळखायला दहाएक सेकंद लागत. सप्टेंबर सरताना माझे बोट बटणावरून उठायच्या आत चकती लागलेली असे. वहीत बासष्ट तास भरले होते.

परीक्षा झाली, ती उत्तीर्ण झाली. रात्री तिचा फोन आला. परीक्षकांनी मध्येच दोन तबकड्या झाकल्या तेव्हा तिला म्हणे हायसे वाटले. झाकलेली तबकडी निदान खोटे तरी बोलत नाही! सौ.ने देवापुढे साखर ठेवली आणि आत्याने पाटा ताब्यात घेतला.

तो फार दिवस तिच्याकडे राहणार नाही. दिवाळीला कन्या चार दिवस येते आहे, आणि ह्यापुढे तिला दोन इंजिनांचे विमान शिकायचे आहे. त्यात जमीन सोडताच एक इंजिन बंद पडले तर विमान त्या बाजूला वळू पाहते. चालू इंजिनाच्या बाजूचे पेडल दाबून ते सरळ धरायचे, आणि जो पाय रिकामा राहिला त्या बाजूचे इंजिन मेले असे ओळखायचे. घाईत चालू असलेलेच बंद करणारेही असतात. २०१५ साली तैपेईला तसे होऊन त्रेचाळीस माणसे गेली. तिने मला बटणांची नवी यादी पाठवली आहे. मी फोनवर विचारले, “आधी कोणते बंद पाडू, डावे की उजवे?”

“ते मला सांगायचे नसते, बाबा,” ती म्हणाली.